गोविंदराव वकिलांचं त्रिवेंद्रम

गोविंदराव वकिलांना मी कधी आवडलो नाही, आणि ते मला आवडत होते असं म्हणण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. गोविंदरावांनी ती उभ्या जन्मात एकदाही पाळली नाही. तेव्हा त्यांच्यापुरती मीही ती मोडली, तर त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी धाराशिवच्या कोर्टात वकिली सुरू केली. गोविंदराव आधीपासूनचे. उर्दूत परीक्षा देऊन वकील झालेले. काळी शेरवानी, खाली पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला काळी टोपी, आणि समोरचा माणूस म्हणजे घासात आलेला खडा आहे असा चेहरा. कोर्टाची भाषा बदलली, कायदे बदलले, हा चेहरा बदलला नाही. जुन्या उर्दू कागदांचा अर्थ लावायला सगळ्यांना ते लागत, आणि नव्या इंग्रजी कायद्याचा अर्थ लावायला त्यांना मी लागे. मी हैदराबादेहून कायदा शिकून आलो होतो, एवढाच माझा उपयोग. ते मला ‘इंग्रज’ म्हणत. कौतुकानं नव्हे.

प्रवासाचं त्यांना व्यसन होतं. उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली की वळकटी बांधून एकटेच निघायचे. कोर्ट उघडलं की बाररूममधल्या आपल्या खुर्चीत रेलून त्या वर्षीच्या गावाचा निकाल द्यायचे.

“ताजमहाल? थडगंय. बाहेरून पांढरं.”

“काशी म्हणजे गल्ली. गल्लीत बैल, आणि बैलामागं पंडा.”

“दिल्ली रुंद आहे. बाकी काही नाही.”

आमची बाररूम खूश व्हायची. सोलापूर-हैदराबादच्या पलीकडं न गेलेली माणसं आम्ही; जग बघण्यासारखं नाही असं जग बघून आलेला माणूस शपथेवर सांगतो, म्हटल्यावर आमच्या न जाण्याला शहाणपणाची कळा यायची. गावातल्या कितीतरी माणसांना त्यांनी घरबसल्या तृप्त केलं होतं. मला त्या तृप्तीची तेव्हाही शिसारी यायची. पण मी नवा होतो आणि मला कामं हवी होती, म्हणून मीही हसायचो.

एकदाच हसलो नाही. जळकोटचा एक म्हातारा शेतकरी, त्यांचा पक्षकार, काशी करून आला होता. आयुष्यात एकदा गावाबाहेर पडलेला माणूस. त्यानं फडक्यात बांधून गंगेचा एक लहानसा गडू वकीलसाहेबांसाठी आणला होता. दोन्ही हातांनी पुढं करून म्हणाला, “साहेब, तुमच्यासाठी म्हून जपत आनला. लई मोठी गंगा हाय बघा. म्या तर बघतच राह्यलो.”

गोविंदरावांनी गडू हातातही घेतला नाही. “अरे, त्यात अर्धी जळालेली मढी सोडतात. तू बघत काय राहिलास? आमच्या भोगावतीला पाणी असतं तर तीच गंगा.”

म्हातारा तसाच हात पुढं करून उभा राहिला. मग गडू परत फडक्यात बांधताना त्याची गाठ बसेना. सगळी बाररूम हसत होती. तो गेल्यावर गोविंदराव म्हणाले, “माणसाला खरं सांगितलेलं सोसत नाही.” त्या दिवसापासून मी त्यांना मनातून उतरवलं ते कायमचंच.

त्यांच्या बायकोचं नाव सुंदराबाई. गाव त्यांना काकू म्हणायचं. कागद घेऊन मी त्यांच्या घरी जायचो तेव्हा आतल्या दारातून बांगड्यांचा हात चहाची कपबशी पुढं करायचा, तेवढीच माझी ओळख. आग्रा-जयपूर करणाऱ्या या गृहस्थानं बायकोला तुळजापूरपलीकडं नेलं नव्हतं. “बायकांना प्रवास मानवत नाही,” हे त्यांचं मत. बायकोला विचारून बनवलेलं नव्हे.

पण त्यांची आई गेली ती जाताना मुलाकडून शब्द घेऊन गेली, सुनेला रामेश्वर घडव म्हणून. वर्ष-दोन वर्षं गोविंदरावांनी त्या शब्दातून पळवाट शोधली. सापडली नाही, कारण शब्द दिला तेव्हा खोलीत साक्षीदार फार होते. तोवर भाषावार राज्यं होऊन आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला होता. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं.

“तिकडं मद्रासच्या खाली उर्दू चालत नाही म्हणतात. तुमचं इंग्रजी एकदा कामाला येऊ द्या. सुट्टीत काय करणार आहात?”

मी काहीच करणार नव्हतो. येडशीला छोट्या गाडीत बसलो, कुर्डुवाडीला मोठी गाडी धरली आणि आम्ही तिघं खाली खाली जात राहिलो.

हा माणूस प्रवास कसा करतो ते मला तेव्हा कळलं. धपाटी, लोणचं आणि सुरईतलं पाणी घरचं. गाडीत ते खिडकीकडं पाठ करून बसायचे, ऊन लागतं म्हणून. देवळापुढं टांगा थांबला की आधी खिशातलं घड्याळ काढायचे. आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत रेल्वेचं वेळापत्रक वाचायचे, आणि आम्ही आलो की म्हणायचे, “झालं? चला.” ताजमहालही असाच बघितला असणार. काकू डोक्यावरून पदर घेऊन मागून चालायच्या. रामेश्वर झालं. कन्याकुमारीला तीन समुद्र एकत्र येतात तिथं काकू हात जोडून उभ्या होत्या, तर हे म्हणाले, “जमीन संपली. आता परत फिरायचं, दुसरं काय.”

परतीची गाडी त्रिवेंद्रमहून होती. त्या काळी आमच्याकडचा माणूस त्रिवेंद्रमला जातच नसे. कन्याकुमारीची मोटार आणि मद्रासची गाडी यांच्यामध्ये जो मुक्काम पडे त्याला त्रिवेंद्रम म्हणत. नव्या केरळ राज्याची ती राजधानी होती, पण राजधानी पाहायला कुणी आलेलं दिसत नव्हतं. आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजवर रात्र काढली. दुसऱ्या दिवशी गाडी धरायची होती.

सकाळी मी खाली आलो तर काकू तयार होऊन दारात उभ्या. पायात चपला.

“आज गाडी नको,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मला हे गाव बघायचंय.”

गोविंदराव हसलेच. “इथं काय आहे?”

“ते बघितल्यावर सांगते.”

त्या घरात असं वाक्य पूर्वी कधी उच्चारलं गेलं नसावं. गोविंदराव माझ्याकडं बघायला लागले, जणू मी ते इंग्रजीतून भाषांतर करून काकूंना दिलं होतं. मग म्हणाले, “देऊळ असेल एखादं. ते करा आणि चला.”

देऊळ होतं, पद्मनाभाचं, मोठं. तिघंही गेलो. दारावरच्या माणसानं गोविंदरावांना अडवलं. पुरुषांनी अंगातलं काढून, उघड्या अंगानं आणि धोतर नेसून आत जायचं, अशी तिथली चाल. शेरवानी काढा, टोपी काढा. गोविंदरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“सांगा त्याला,” ते मला म्हणाले, “मी उस्मानाबादच्या कोर्टाचा वकील आहे.”

मी सांगितलं. दारावरचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला की आत मोठमोठे जज्जही उघड्या अंगानंच जातात. मी सदरा काढला. गोविंदरावांनी शेरवानीच्या गुंड्यांवर हात ठेवला, जणू कुणी ती हिसकावून घेणार होतं. “असल्या देवाची मला गरज नाही,” म्हणाले आणि बाहेर उन्हात उभे राहिले. आत गेल्यावर काकूंनी पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलणं काढलं.

“शेरवानीखाली बनियन फाटलेला आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मीच रोज धुते न्हाय का.”

आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, “देव झोपलेला आहे आत. लई मोठा. तीन दारांतून बघावा लागतो, तेव्हा सगळा दिसतो.”

“झोपलेल्या देवासाठी एवढ्या लांब यायचं?” गोविंदराव म्हणाले, आणि लॉजवर निघून गेले. गाडी गेली. ते पलंगावर पडून राहिले. काकू आणि मी गाव बघत हिंडलो.

खरं सांगायचं तर त्या गावात बोट दाखवून ‘हे बघा’ म्हणावं असं फारसं नव्हतं. रस्ते चढ-उताराचे, धुतल्यासारखे. कौलारू घरं झाडांत बुडालेली. लाल केळ्यांचे घड दुकानांवर टांगलेले. सरकारी कचेरीची मोठी पांढरी इमारत होती, पण तिच्यापुढनं लोक अशी ये-जा करत होते जणू ती कुणा शेजाऱ्याची असावी. आपण राजधानी आहोत हे हैदराबाद पावलोपावली बजावायचं. या गावानं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि सगळ्या गावात बायका. पांढऱ्या कपड्यांत, काळ्या छत्र्या घेऊन, एकेकट्या चालत निघालेल्या. संध्याकाळी ती पांढरी कचेरी सुटली तेव्हा पुरुषांबरोबर बायकाही पिशव्या घेऊन बाहेर पडल्या. काकू समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून शेवटची बाई जाईपर्यंत बघत होत्या.

“ह्या सगळ्या नोकरीला?”

“हो.”

“आन् घरी कुणी काय म्हणत न्हाय?”

मला काय माहीत. मी म्हटलं, “म्हणत नसतील.”

दुसऱ्या दिवशी चालता चालता एक वाचनालय लागलं. दार सताड उघडं, आत लांब टेबलं, पंखे, आणि एका टेबलाशी चार-पाच बायका वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या. काकू दाराशी घुटमळल्या. मग माझ्याकडं न बघता आत गेल्या, एक रिकामी खुर्ची ओढली आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून डोळ्यांपुढं धरलं. मल्याळी लिपी, एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या बाईनं जरा सरकून जागा दिली आणि पुन्हा आपल्या वाचनात गेली. काकू पान उलटायच्या, थांबायच्या, पुन्हा उलटायच्या. मी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

“काय वाचलंत काकू?” मी थट्टेनं विचारलं.

त्या हसल्या नाहीत. “कुणी ऊठ म्हणलं न्हाय,” म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशीही आम्ही तिथंच गेलो. गोविंदराव रोज गाडीची वेळ सांगायचे आणि काकू रोज “उद्या” म्हणायच्या. माणूस परमुलखात होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं, कारण तो काय बोलतो ते कुणाला कळत नव्हतं. लॉजच्या पोऱ्यावर ते उर्दूत ओरडायचे आणि पोरगं अदबीनं मान हलवून निघून जायचं. बायकोला सोडून एकट्यानं जायचं, तर गावात जाऊन सांगायचं काय?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही टॅक्सी करून समुद्रावर गेलो. गोविंदरावही आले, सकाळच्या गाडीचं वचन घेऊन. टॅक्सी वाळूच्या कडेला थांबली. ते आत बसून राहिले. काकू चपला हातात घेऊन पाण्याकडं गेल्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट यायची, पायाखालची वाळू ओढून न्यायची, त्या डगमगायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. मी जवळच होतो. समोर बघतच त्या म्हणाल्या, “माझा भाऊ येरमाळ्याला आजारी होता. सकाळच्या मोटारीनं गेले असते तर संध्याकाळी परत आले असते. हे म्हणाले, कोर्ट चालू आहे. तो गेल्यावर नेलं. त्याच उन्हाळ्यात हे जयपूरला जाऊन आले.” लाट ओसरल्यावर म्हणाल्या, “तिथनं आल्यावर मी विचारलं, कसं होतं जयपूर? म्हणाले, काही न्हाय, गुलाबी रंग दिलाय. त्या रंगासाठी माझा भाऊ भेटायचा राह्यला.”

मग त्या वळल्या आणि तशाच ओल्या पायांनी टॅक्सीपाशी गेल्या.

“उतरा की जरा.”

“काय करू उतरून? पाणीच आहे ना? आपल्या आडातही पाणीच आहे.”

“व्हय,” काकू म्हणाल्या, “तुम्हाला आडच बरा.”

आवाज चढलेला नव्हता. राग असता तर गोविंदरावांना उत्तर सुचलं असतं. रागाचे मुकदमे त्यांनी आयुष्यभर चालवले होते. हे वेगळंच होतं. बाररूममध्ये बसून ते आग्र्याबद्दल, काशीबद्दल जसं बोलायचे, तसं त्या नवऱ्याबद्दल बोलल्या होत्या. बघून आले, काही नाही. गोविंदरावांनी टॅक्सीचं दार ओढून घेतलं. परतीच्या सगळ्या प्रवासात ते माझ्याशी फक्त हमालांच्या मजुरीबद्दल बोलले.

जूनमध्ये कोर्ट उघडलं. बाररूम खुर्च्या ओढून जमली. गोविंदराव रेलले.

“त्रिवेंद्रम! राजधानी म्हणे. केळी, नारळ आणि छत्र्या. देवळात जायचं तर कपडे उतरवतात. बघण्यासारखं म्हणाल तर...” आणि त्यांनी हात झटकला.

आमच्यात काझीसाहेब म्हणून एक वयस्कर वकील होते, गोविंदरावांच्याच जुन्या उर्दू परीक्षेतले. आमचा चार दिवसांचा मुक्काम त्यांच्या कानावर आला होता; पान लावता लावता ते म्हणाले, “वकीलसाब, बघायला काहीच नव्हतं, तर चार दिन क्या करते बैठे वहाँ? ताजमहाल कू तो तुमने एक घंटा नै दिया.”

“बायकोची तब्येत,” गोविंदराव म्हणाले.

काझीसाहेब माझ्याकडं वळले. “गवाह हाजिर है. सांगा हो, काकूंची तब्येत बरी नव्हती?”

“काकू ठणठणीत होत्या,” मी म्हणालो.

“वकीलसाब समंदर पे गए थे?”

“गेले होते.”

“उतरे थे?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मला तो जळकोटचा म्हातारा आठवला. “नाही. टॅक्सीतच बसून होते.”

काझीसाहेबांनी पान तोंडात टाकलं. “समंदर कू गए, और मोटर देख के आए! म्हणजे इतकी वर्षं आम्हाला हे टांगे-मोटारींची हकीकत सांगत होते!”

बाररूम हसली, तीच माणसं, तोच आवाज. मला त्या हसण्याचंही फार कौतुक वाटलं नाही. काल ज्याच्या जोडीनं हसायचे त्यालाच आज हसत होते. जग बघायला यातला एकही निघणार नव्हता. गोविंदराव उठून गेले. त्या दुपारी त्यांच्या कारकुनानं येऊन माझ्याकडचे त्यांचे सगळे कागद परत नेले. त्यानंतर बाररूममध्ये त्यांनी कुठल्याही गावाचा निकाल दिला नाही, कारण ते कुठं गेलेच नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा निकाल देत.

इकडं काकूंकडं मात्र दुपारच्या बायका यायला लागल्या. माझी बायकोही जायची. काकू सजवून सांगत नसत. रस्ता असा होता, छत्री अशी धरतात, वाचनालयात खुर्चीवर बसले. “एवढंच?” असं एखादीनं विचारलं तर म्हणायच्या, “एवढंच.” आणि तरी ती बाई पुन्हा ऐकायला यायची. गोविंदराव ओसरीवरून मोठ्यानं म्हणायचे, “आमच्या माजघरात केरळचं सरकार भरलंय.” आत काकूंचं सांगणं चालूच राही. ते वाट बघायचे, मग खाकरायचे.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग काकूंनी कन्याशाळेच्या एक मास्तरीणबाई, एक विधवा नणंद आणि शेजारची एक बाई असा मेळ जमवला. रामेश्वर करायचं, आणि त्रिवेंद्रमला पाच दिवस राहायचं. नवऱ्याची परवानगी मागितली नाही. तारीख सांगितली.

त्या दिवशी मी बार्शीच्या कामासाठी येडशीला गाडीची वाट बघत उभा होतो. चौघी बायका आल्या. त्यांच्यामागं वळकटी आणि ट्रंक धरलेल्या हमालावर खेकसत गोविंदराव. शेरवानी, टोपी, सगळं कोर्टात जायचं असल्यासारखं. मला बघून त्यांनी मान वळवली. गाडी आली. काकू खिडकीशी बसल्या. “दूध बंद करू नका,” एवढं त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून हसल्या. मास्तरीणबाई मोठ्यानं काहीतरी विचारत होत्या, काकू हातवारे करून सांगत होत्या. गाडी सुटायच्या बेतात होती. मी डब्याच्या पायरीवर पाय ठेवला, तोच बाहीला ओढ लागली.

गोविंदराव होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलत होते, आणि ती नेहमीची आठी कपाळावर आणायचा प्रयत्न करत होते.

“इंग्रज, तिथलं पाणी कसं होतं हो प्यायचं? जड होतं का हलकं?”

मला आधी कळेचना. “चांगलं होतं. जिरे घालून उकळायचे, कोमट द्यायचे. तुम्हीही प्यायलात की. तुमची सुरई फुटली होती, चार दिवस तेच पीत होतात.”

“मी?” ते म्हणाले. खरोखर आठवायला लागले. गाडी हलली. ते माझ्याबरोबर चार पावलं चालले.

“जिऱ्याचं म्हणता?”

“हो.”

“मग मानवेल तिला,” ते म्हणाले, आणि माझी बाही सोडली.

गाडी वळणाला लागली तेव्हा मी वाकून पाहिलं. हमाल हात पुढं करून उभा होता, आणि गोविंदराव त्याच्याकडं पाठ करून, गाडी गेली त्या बाजूला बघत होते.